ड्रॉवरमधले सहा रंग

वाचक विचारतात

वय चव्वेचाळीस, नोकरी हिशेब विभागात, घरी नवरा आणि सोळा वर्षांची मुलगी. लहानपणी घरात एक रुबिक क्यूब होता, मोठ्या भावाचा. तो पटापट सोडवायचा, यांना कधीच जमलं नाही. एकदा वैतागून यांनी त्याचे स्टिकर सोलले, दोन बाजू 'जमवल्या', उरलेले स्टिकर जागा मिळेल तिथे चिकटवले आणि गप्प बसल्या. भाऊ नंतर कितीतरी दिवस त्या क्यूबशी झुंजत होता. खरं काय ते त्याला आजतागायत माहीत नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्याच क्यूबवर बेतलेला मेकअपचा संच दिसला आणि त्यांनी घेऊन टाकला. चौकोनी डबी, आत सहा आयशॅडो: पांढरी, पिवळी, लाल, नारिंगी, निळी, हिरवी. सोबत निळा मस्कारा आणि लाल लिपस्टिक. एका रात्री सगळे झोपल्यावर सहाही रंग लावून बघितले. पाणी प्यायला उठलेली मुलगी म्हणाली, "आई, हे काय?" सकाळी नवऱ्याने हसत 'सर्कस' हा शब्द वापरला. तेव्हापासून डबी ड्रॉवरमध्ये आहे. त्या लिहितात, "एरवी मी मातकट लिपस्टिकच्या पलीकडे गेलेले नाही. या वयात हे शोभतं का? की हरवलेलं बालपण मी डोळ्यांवर थापायला निघाले आहे? ऑफिसला लावता येणार नसेल तर पैसे वायाच गेले ना? पुढच्या महिन्यात भावाकडे सगळे जमणार आहोत. तिथे हे लावून जावं असं एक वेडं मन म्हणतंय."

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात आधी कीव आली ती त्या भावाची.

क्यूबचा प्रत्येक तुकडा आपले ठरलेले रंग घेऊन फिरतो. कडेच्या तुकड्यावर दोन, कोपऱ्यातल्या तुकड्यावर तीन. त्यातून ज्या मांडण्या होतात, त्यांची संख्या त्रेचाळीसवर अठरा शून्यं दिली तर जेवढी होईल त्याहूनही थोडी जास्त आहे, आणि त्यातली कुठलीही मांडणी जास्तीत जास्त २० वेळा फिरवून सुटू शकते, हे २०१० साली सिद्ध झालं. पण हे सगळं अस्सल स्टिकर असलेल्या क्यूबबद्दल. तुम्ही मन मानेल तसे चिकटवल्यावर एखाद्या कडेच्या तुकड्यावर दोन्हीकडे हिरवाच आला असेल, तर तो क्यूब कुणाच्या बापालाही सुटणार नव्हता. बिचारा.

आता तुमच्याकडे वळते.

तुम्ही विचारता, "या वयात शोभतं का?" हा प्रश्न मला या सदरात इतक्या वेळा आला आहे की आता मी त्याच्याकडे थोडं संशयानेच बघते. कारण विचारणारी बाई पंचविशीची असो की साठीची, 'हे वय' नेमकं चुकीचंच असतं. पंचविशीत म्हणतात, आता मी कॉलेजात थोडीच आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या रात्री आरशात बघून तुम्हाला स्वतःला काय वाटलं, याबद्दल त्यात एकही वाक्य नाही. मुलगी काय म्हणाली ते आहे, नवरा काय म्हणाला ते आहे, ऑफिस काय म्हणेल याचा अंदाजही आहे. तुम्हाला ते रंग आवडले का? सहा नसतील, दोन तरी? माझ्या मते अडलंय ते इथेच. वयाचा मुद्दा तुम्ही पुढे केलात, कारण तो पुढे केला की कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

मुलीचं "आई, हे काय?" जरा सुटं करून बघा. मध्यरात्री दिव्याखाली आई सहा रंगांचे डोळे घेऊन उभी दिसली तर कुणीही हेच म्हणेल. त्यात हेटाळणी होती की नुसतं आश्चर्य, हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. सोळा वर्षांच्या मुलींना झळाळत्या रंगांचं वावडं नसतं, त्यांना नवल वाटतं ते आईला हौस असल्याचं. नवऱ्याचा 'सर्कस' हा शब्द मला आवडला नाही, पण त्याच्यावर मी जास्त शाई खर्च करणार नाही. हसत म्हणाला असेल तर हसत सांगा की पुन्हा म्हणू नको. एवढं पुरतं, आणि पुरलं नाही तर ते वेगळं पत्र आहे.

हा संच 'मुलींसाठी' आहे असं तुम्हाला वाटतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही पण ओळींमधून दिसतं. क्यूब जन्मला १९७४ मध्ये. बुडापेस्टमध्ये शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी तो बनवला आणि १९८० पासून तो जगभर पसरला. मग त्या सहा रंगांकडे बघून काळजात हलेल ते कोणाच्या? वीस वर्षांच्या मुलीला तो फोनवर वेळ लावून सोडवायचा खेळ वाटतो. तुम्हाला त्यात भाऊ दिसतो. मॅक या मेकअपच्या कंपनीने २००७ मध्ये बार्बीवर आणि २०१६ मध्ये त्या ताठ रंगीत केसांच्या ट्रोल बाहुल्यांवर बेतलेला मेकअप बाजारात आणला, तेव्हाही जुन्या बाहुलीची आठवण नेमकी कुणाला येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. तुम्ही चुकून मुलींच्या दुकानात शिरलेल्या नाही आहात, ही डबी तुमच्याच आठवणीवर नेम धरून बनवली आहे.

त्याचीच दुसरी बाजूही सांगते, कारण नुसतं 'लावा हो बिनधास्त' म्हणून मी मोकळी झाले तर तो सल्ला अर्धाच. आठवण विकली जाते तेव्हा वस्तू बरी आहे की नाही हे आपण बघत नाही. डबीवर 'मर्यादित आवृत्ती' असं छापलेलं असेल तर आणखीच पंचाईत, मग वापरायलाही हात धजत नाही. तेव्हा एकदा ती आठवण बाजूला ठेवून फक्त माल तपासा. प्रत्येक रंग बोटाने मनगटाच्या आतल्या बाजूला ओढून बघा. एका फटक्यात उमटतो का, खडूसारखा भुगा होतो का, पुसल्यावर डाग राहतो का? असल्या संचात बहुतेक वेळा दोन-तीन रंग खरंच चांगले असतात आणि उरलेले डबी भरायला. पिवळ्याचं तर मी डोळे झाकून सांगते, तो सगळ्यांत रडका निघतो. पिवळी पावडर त्वचेवर दिसेनाशी होते, वाढवत गेलं की थापल्यासारखी होते. ब्रश किंचित ओला करून, चोळण्याऐवजी दाबून लावली तर बरी उमटते.

डबीचं मागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावून वाचा, चाळिशी लागली असेल तर लाजू नका. (मेकअप करतानाही हीच अडचण येते: जवळचं दिसत नाही म्हणून चष्मा लागतो, आणि चष्मा घातला की डोळ्याला हात लागत नाही. मोठं दाखवणारा आरसा घ्या, मी उगाच दोन वर्षं लांबवलं.) आयशॅडोऐवजी 'प्रेस्ड पिगमेंट' (म्हणजे नुसती दाबून बसवलेली रंगाची पूड) लिहिलं असेल किंवा डोळ्यांच्या अगदी जवळ वापरू नये अशी ओळ असेल, तर ती गंभीरपणे घ्या. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायला परवानगी असलेल्या रंगद्रव्यांची यादी आखूड आहे, आणि काही झळाळते लाल, गुलाबी आणि निऑन रंग तिच्यात बसत नाहीत. युरोपचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे तोच रंग एकीकडे आयशॅडो असतो आणि दुसरीकडे नसतो. उलटंही आहे. निळ्यासाठी वापरतात ते अल्ट्रामरीन आणि हिरव्यासाठी वापरतात ते क्रोमियम ऑक्साइड अमेरिकी नियमांत डोळ्यांना चालतं, ओठांना नाही. म्हणून निळी शॅडो ओठांवर लावून बघायची हुक्की आली तर आवरा.

चेहऱ्यावर लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवस-दोन दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तर पुढे जा. पापणीची त्वचा शरीरातल्या सगळ्यांत पातळ त्वचेपैकी आहे, तिथे घाई नको. डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू चालते. मस्काऱ्याला मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य देऊ नका, कारण तो ओला असतो आणि प्रत्येक वेळी पापणीला लागून परत नळीत जातो. तुमचा निळा मस्कारा ज्या दिवशी उघडला गेला, त्या दिवसापासून मोजा. ड्रॉवरमध्ये बंद पडून आहे म्हणून तो काही थांबून राहिलेला नाही.

आता रंग. यात मला खरी मजा आली, कारण तुमच्या त्या रात्रीच्या गोंधळाचं उत्तर क्यूबमध्येच आहे.

क्यूब हातात कसाही धरा, एका नजरेत तुम्हाला फार तर तीन बाजू दिसतात. सहा कधीच नाही. तुम्ही सहाही रंग दोन पापण्यांवर एकदम उतरवलेत, म्हणजे क्यूब उलगडून भिंतीवर चिकटवला. तेव्हा पहिला नियम म्हणा किंवा माझा हट्ट म्हणा, एका वेळी जास्तीत जास्त तीन रंग, आणि त्यातही एक मोठा, एक लहान, तिसरा नुसता ठिपक्याएवढा.

दुसरी गोष्ट आणखी गमतीची. हल्ली सर्रास मिळणाऱ्या क्यूबमध्ये निळ्याच्या पाठीमागे हिरवा असतो, लालच्या पाठीमागे नारिंगी, पांढऱ्याच्या पाठीमागे पिवळा. म्हणजे जे रंग एकमेकांचे सख्खे शेजारी, ते मुद्दाम लांब ठेवलेले. सुटलेल्या क्यूबमध्ये निळा आणि हिरवा एकत्र कधी दिसतच नाहीत. चेहऱ्यावर मात्र याच जोड्या सगळ्यांत सोप्या जातात. निळ्यातून हिरव्यात जाताना मध्ये रेघ दिसत नाही, मोराच्या पिसासारखा रंग होतो. लालमधून नारिंगीत जाताना तसंच. पाठीमागची जोडी लावलीत तर हात चुकला तरी लपतो. क्यूबवर शेजारी असलेले रंग, म्हणजे निळ्याला लागून नारिंगी किंवा लालला लागून हिरवा, हे एकमेकांना भिडतात. ते सुंदर दिसू शकतात, पण त्यांना हात बसलेला लागतो. सुरुवात पाठीमागच्या जोडीने करा.

पहिल्या दिवशी एवढंच. पापणी स्वच्छ करा, प्रायमर (रंगाआधी लावायचा तळाचा थर) लावा किंवा त्वचेच्या रंगाच्या कन्सीलरचा पातळ हात द्या. यामुळे रंग धरून राहतो आणि निळा-लाल त्वचेत उतरून डाग पडत नाही. मग पापणीच्या केसांलगत निळ्याची एक रेघ, तीही पावडरनेच, बारीक ब्रश ओला करून. बाहेरच्या कोपऱ्यात ती हिरव्यात विरू द्या. बाकी चेहरा रोजचाच, तुमची मातकट लिपस्टिकसुद्धा. चष्मा लावून तीन फुटांवरून बघा. ऑफिसला हे चालतं. समोर बसणाऱ्याला काहीतरी वेगळं वाटेल, काय ते सांगता येणार नाही.

ते जमलं की पापणीभर रंग. आरशात सरळ बघत, डोळे उघडे ठेवून लावा. वय वाढलं की पापणीची घडी थोडी खाली येते, आणि मिटल्या डोळ्यावर सुरेख दिसलेला रंग उघडल्यावर गायब होतो. घडीच्या किंचित वर रंग न्या, मग तो दिसेल. चमचमणाऱ्या शेडने सुरकुत्या जास्त दिसतात असं म्हणतात ते खरं आहे. पण सुरकुत्या दिसू नयेत हा तुमचा हेतू आहे का, हे आधी ठरवा. मला आवडतं म्हणून मी चमक लावते आणि सुरकुत्या आपल्या जागी असतात.

नारिंगी वापराच. सावळ्या किंवा गडद त्वचेवर नारिंगी जेवढी खुलते तेवढी क्वचितच दुसरी शेड खुलते, आणि बायका तिला सगळ्यांत जास्त घाबरतात. पांढऱ्याच्या बाबतीत उलट. पापणीभर पांढरा लावला की गडद त्वचेवर राखेसारखा दिसतो. तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टिकलीएवढा ठेवा, किंवा इतर रंगांखाली अगदी पातळ, म्हणजे वरचा रंग उजळतो. लाल डोळ्यांवर जपून. थेट पापणीच्या केसांना लागून लाल आला की डोळे आल्यासारखं दिसतं, मग दिवसभर लोक विचारतात, बरं नाही का. मध्ये काळ्या किंवा तपकिरी पेन्सिलची रेघ घाला, लाल तिच्या वर. किंवा सरळ लाल ओठांना द्या, संचात लिपस्टिक त्यासाठीच आहे. मग डोळ्यांवर फक्त निळा मस्कारा. मला विचाराल तर संपूर्ण डबीतली सगळ्यांत शहाणी वस्तू तोच आहे. लांबून काळा दिसतो, उन्हात वळलात की निळा.

डोळे आधी, बाकी चेहरा नंतर. गडद पावडर गालावर सांडते आणि पुसताना पसरते. हे मी शिकले ते एका जांभळ्या शॅडोने, जी माझ्या डोळ्याखाली अशी पसरली की भेटणाऱ्यांनी पडलात का असं काळजीने विचारलं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढा. उतरवताना तेलकट रिमूव्हर कापसावर घेऊन पापणीवर क्षणभर धरून ठेवा, घासू नका. आणि कुणी चमक वाढवायला हस्तकलेची चमकी सुचवली तर नाही म्हणा. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

ऑफिसला लावता आलं नाही तर पैसे वाया, हा तुमच्यातला हिशेबनीस बोलला. घरातल्या किती वस्तू आपण रोज वापरतो म्हणून ठेवल्यात? भावाचा तो क्यूब कुठल्या कामाचा होता? सुट्टीच्या दिवशी दुपारी दार लावून रंग लावलेत, तासभर बसलात आणि धुऊन टाकलेत, तरी ती वस्तू वापरली गेली. आणि चार वेळा लावून बघितल्यावर मन भरलं, आवडलंच नाही, तर तेही एक उत्तर आहे. मग डबी टेबलावर शोभेला ठेवा. तिला ड्रॉवरमध्ये कोंडून मनात अपराधी वाटत राहणं, या एकाच पर्यायाला माझा विरोध आहे.

हरवलेलं बालपण डोळ्यांवर थापताय का, असं तुम्ही स्वतःला जरा क्रूरपणे विचारलंत. मला तुमच्या पत्रात वेगळंच दिसलं. तुम्हाला क्यूब कधी आवडला होता असं त्यात कुठेच नाही. तो भावाचा होता, त्याला जमायचा, तुम्हाला नाही. तुम्हाला जमलं ते रंग सोलून आपल्या मनाप्रमाणे लावणं, आणि ते तुम्ही चोरी समजून लपवलंत. आताही तुम्ही मध्यरात्रीच बसलात, सगळे झोपल्यावर. क्यूबवर ते चालत नव्हतं, मान्य, भावाचे हाल झाले. पण पापणीवर कुठल्याही रंगाची जागा आधीपासून ठरलेली नाही. हा संच पाहून तुमचा हात का गेला असेल, याचा माझा अंदाज असा आहे. चुकीचा असला तर कळवा.

मुलीला सोबत घ्या, जमलं तर. तिला शिकवायला नव्हे, उलट तिच्याकडून शिकायला. एका डोळ्यावर तिने करायचं, दुसऱ्यावर तुम्ही. ब्रश मात्र वेगळे आणि मस्कारा तर अजिबात एकमेकींचा नको, डोळ्यांचा संसर्ग असाच फिरतो. ती नाही म्हणाली तर नाही.

भावाकडे जाण्याआधी घरी तीन-चार वेळा हात बसवून घ्या. एक वेळ दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बघा, कारण न्हाणीघरातल्या दिव्याखाली लावलेला रंग बाहेर आल्यावर दुप्पट होतो. तिथे सगळे जुने लोक असतील, थट्टा होईलच. थट्टा होण्याआधी स्वतःच सांगा की हा कशाचा रंग आहे, म्हणजे बोलणं तुमच्या डोळ्यांवरून क्यूबवर जाईल आणि तुम्हाला श्वास घेता येईल. डोळ्यांवर निळा-हिरवा, ओठांवर लाल, बाकी काही नको. आणि स्टिकरचं त्याला सांगून टाका. तो अजून समजत असेल की त्या वेळी चूक त्याची होती.